वावरात निघालेलं कासव

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात आपल्या एका कार्यकर्त्या बहिणीने केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दाव्याच्या कागदांवर बोलायला सांगितलं होतं. कागदांवर मी येणारच आहे, पण आधी कासवावर बोलते. हसा, हरकत नाही. माझी आत्यापण पहिल्यांदा हसलीच होती.

माझी आत्या वरोरा तालुक्यात दिली आहे, पिसदुऱ्याच्या बाजूला. पिसदुरा हे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलंच लहानसं गाव. आपल्यासारखं दाट जंगल तिकडं नाही. काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी, आणि मध्येच लाल मातीचे उघडे पट्टे. सातवीची परीक्षा झाल्यावर मी सुट्टीत आत्याकडं गेली होती. त्या लाल मातीवर चपटे चपटे तुकडे पडलेले दिसायचे, फुटक्या कौलासारखे. कोणी उभं फुटलेलं, कोणी तिरपं. मी ओटीत भरून घरी नेले. आत्या म्हणाली, "कायले उचलतं वं ते खापरं? फुटलं असन कोणाचं मडकं." आणि तिने ते चुलीमागं टाकून दिले. तिथं आधीच ढीग होता. नांगराला लागले की मामाजी ते धुऱ्यावर फेकायचे, पोरं खेळायला घरी आणायची, घरची बाई फेकून द्यायची. असं किती पिढ्या चाललं असेल कोण जाणे.

ते खापर नव्हतं. ते कासवाच्या पाठीचं हाड होतं, दगड झालेलं. आणि ते कासव ज्या काळात जगलं त्या काळात माणूस नव्हता, गाय-बैल नव्हते, वाघ नव्हता. डायनासोर होते. डायनासोर म्हणजे ते मोठाले सरड्यासारखे प्राणी, चित्रात तुम्ही पाहिले असतील. पिसदुऱ्याच्या त्याच मातीत त्यांचीही हाडं निघतात. लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनासोरची. सगळं मिळून साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचं. एवढा आकडा माझ्याही डोक्यात बसत नाही. मी फक्त इतकं लक्षात ठेवते की आपण ज्याला काळी माती म्हणतो ती ज्या काळ्या दगडापासून झाली, तो दगडसुद्धा पिसदुऱ्याच्या कासवानंतर आला. जमिनीला भेगा पडल्या, तापलेला रस वर आला, थरावर थर पसरला आणि थंड झाला. कासवाची लाल माती त्याच्या खाली आहे. वरचा काळा थर जिथं झिजून गेला तिथं खालची माती उघडी पडली, आणि कासव वर आलं.

आता माझी चूक सांगते. ही सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला हक्क नाही.

बारावीची परीक्षा देऊन मी पुन्हा आत्याकडं होती. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. मामाजींच्या वावराच्या खालच्या अंगाला नाला आहे. नाल्याच्या काठाला मला एक वाकडी कड दिसली, मातीतून बाहेर आलेली, तव्याच्या काठासारखी. हाताने माती काढली तर ती आत जातच होती. पूर्ण पाठ होती ती. भाकरीच्या मोठ्या तव्यापेक्षा थोडी मोठी. मला इतका आनंद झाला की मी धावत घरी गेली, सबल आणली आणि खालून घालून उपटली.

फुटली. एका क्षणात. तीस-चाळीस तुकडे झाले असतील. मी रडकुंडीला आली. दुपट्ट्यात बसले तेवढे, म्हणजे सतरा तुकडे बांधले, बाकीचे तिथंच ठेवले, म्हटलं सकाळी येऊन नेऊ. रात्री धो धो पाऊस. सकाळी नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. काठच गेला, तुकडे कुठले राहतील?

दिवाळीनंतर तिकडं अभ्यासाला काही लोक आले. हाडं शोधणारे. आम्हाला चार बाया-पोरींना त्यांनी रोजीनं लावलं, माती चाळायला. मी माझे सतरा तुकडे घेऊन गेली. त्यांच्यातले जे मोठे सर होते त्यांनी ते उन्हात धरून उलटसुलट पाहिले. मला वाटलं आता शाबासकी देतील. त्यांनी एकच विचारलं, "हे कुठं मिळालं?" मी म्हटलं, नाल्याच्या काठाला. "कुठल्या काठाला? किती खाली? लाल मातीत की तिच्या वरच्या थरात?" मी त्यांना घेऊन गेली. नाला चार-पाच हात सरकला होता. मला जागा दाखवता आली नाही. सर म्हणाले, कासव आहे, चांगलं आहे, जपून ठेव, पण आता याच्यावरून आम्हाला काही लिहिता येणार नाही.

त्या दिवशी मला जो राग आला तो सरांवर आला. हातात हाड आहे, डोळ्यांना दिसतं आहे, मग लिहिता का येत नाही? पुढं पंधरा दिवस त्यांच्याबरोबर काम केलं तेव्हा समजलं. हाडाची अर्धी किंमत हाडात असते, अर्धी जागेत. हे कासव कोणत्या थरात होतं, त्याच्या शेजारी कोणते शंख होते, ते वाहत्या पाण्यात मेलं की साचलेल्या, त्याच्या आधी कोण होतं, नंतर कोण आलं, हे सगळं जागा सांगते. जागेवरून उचललं की ते मुकं होतं.

आता ओळखायचं कसं ते सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण त्या बाजूला कापूस वेचायला, सोंगणीला जातात.

कासव घर पाठीवर घेऊन फिरतं असं आपण म्हणतो. ते घर म्हणजे त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणाच आहे, रुंद होऊन एकमेकांना जोडलेला. वरची ढाल पाठीची, खालची पोटाची. जिवंतपणी त्यावर नखासारखं पातळ आवरण असतं, ते मेल्यावर गळून जातं. पण त्या आवरणाच्या खवल्यांच्या कडा जिथं टेकलेल्या असतात तिथं हाडावर बारीक खाचा राहतात. तर तुकडा हातात आला की पहिली ही खाच पाहायची. कोणी बोटाने रेघ ओढल्यासारखी दिसते. दुसरी गोष्ट, तुकड्याची कड. जिथं दोन हाडं जोडलेली होती तिथली कड करवतीच्या दातांसारखी असते. तिसरी आणि सगळ्यात पक्की खूण, तुटलेली बाजू. मडक्याचं खापर तुटलं तर आतून एकसारखी भाजलेली माती दिसते. कासवाच्या तुकड्याला तीन थर असतात. वर घट्ट, खाली घट्ट, आणि मध्ये पावासारखं जाळीदार. ही जाळी दिसली की ते खापर नाही, चुनखडीचा खडापण नाही, हाड आहे.

जिभेला लावून पाहण्याची एक रीत आहे. जुनं हाड जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. पण तिथं शेणासारखे गोळे पण दगड होऊन पडलेले असतात. ते शेणासारखे दिसतात कारण ते शेणच आहे, सात कोटी वर्षांपूर्वीचं. मॅटली नावाच्या एका साहेबाने १९३९ साली पिसदुऱ्याच्या त्या गोळ्यांवर लेख लिहिला. शेणावर लेख! तेव्हा जीभ लावायच्या आधी काय उचललं ते पाहून घ्या.

पिसदुऱ्याच्या कासवाबद्दल अजून एक गोष्ट. आपल्या वैनगंगेतलं, बोडीतलं कासव घाबरलं की मान सरळ मागं ओढून घेतं. पिसदुऱ्याचं कासव वेगळ्या जातकुळीचं. ते मान बाजूला मुडपून कवचाच्या कडेखाली लपवायचं. त्या कुळात कमरेचं हाड कवचाला चिकटलेलं असतं, म्हणून मागच्या बाजूचा एक तुकडा सापडला आणि आतून ती खूण दिसली तरी कुळ सांगता येतं. या कुळातलं एकही कासव आज भारतात राहिलं नाही. त्याचे भाऊबंद आता राहतात आफ्रिकेत, मादागास्कर बेटावर आणि दक्षिण अमेरिकेत. मध्ये एवढा समुद्र आणि कासव नदीतलं. मग भाऊबंदकी कशी? तर कधीकाळी या जमिनी एकमेकींना लागून होत्या, आणि आपली जमीन तेव्हा आशियाला जोडलेलीच नव्हती. पिसदुऱ्याचं कासव जगत होतं तेव्हा ती सुटी होऊन उत्तरेकडं सरकत होती.

आणि त्या लागून असलेल्या सगळ्या जमिनींच्या मोठ्या खंडाला शास्त्रज्ञ काय म्हणतात? गोंडवाना. एडुआर्ड स्यूस नावाच्या ऑस्ट्रियाच्या पंडिताने १८८५ साली ते नाव पुस्तकात घातलं. त्याच्या आधी आपल्या भागातल्या कोळशाच्या दगडांना इंग्रजांच्या भूगर्भ खात्याने गोंडवाना म्हणायला सुरुवात केली होती, कारण हा गोंडांचा मुलूख. म्हणजे आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सगळ्या जगातली पोरं शाळेत आपलं नाव शिकतात. माझ्या मामाजींचं नाव मात्र त्यांच्या तीन एकराच्या सातबाऱ्यावर नाही. त्या तुकड्याच्या पुढं लिहिलं आहे "झुडपी जंगल". मामाजींच्या बापाने तो तुकडा काढला, मामाजी वाहतात, त्यांचा पोरगा वाहील, आणि कागद म्हणतो तिथं झुडपं आहेत.

एक गोष्ट अशीच आठवली म्हणून सांगते. आपल्या लिंगोच्या गाण्यात कासव आहे हे म्हाताऱ्यांना माहीत आहे. नदीला पूर आला, आपले लोक अलीकडं अडकले, मगर म्हणाली पाठीवर बसा, आणि मध्यधारेत बुडवायला निघाली. कासवाने पाठीवर घेऊन पार केलं. म्हणून आमच्या घरी कासव मारत नाहीत. हे गाणं पहिल्यांदा कागदावर उतरवून घेतलं ते नागपूरच्या हिस्लॉप नावाच्या पाद्रीने, एका परधानाकडून. ज्याच्या नावाचं नागपूरला कॉलेज आहे तोच. आणि पिसदुऱ्याची हाडं गोळा करणाऱ्या पहिल्या लोकांपैकीही हाच हिस्लॉप. गाण्यातलं कासवही त्याने नेलं आणि दगडातलंही. १८६३ साली टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात तो बुडून वारला. गाणं तीन वर्षांनी रिचर्ड टेंपलने छापलं. हिस्लॉपबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याने लिहिलं म्हणून आज ते गाणं कागदावर सापडतं. पण ते सांगणाऱ्या परधानाचं नाव किती जणांना माहीत आहे? मला नाही.

नावाची गोष्ट निघालीच आहे तर मुंबईची ऐका. वरळीच्या टेकडीतूनही कासव निघालं होतं. १८५२ साली कार्टर नावाच्या डॉक्टरने त्यावर लिहिलं आणि लीथ नावाच्या साहेबाचं नाव त्या कासवाला दिलं. टेकडी फोडणाऱ्याचं नाव कोण देतं? आपल्या पिसदुऱ्याचं नशीब थोडं बरं. १९७७ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या सोहनलाल जैन यांनी तिथल्या कासवाला नाव दिलं त्यात गावाचं नाव घातलं, पिसदुरेन्सिस. निदान गाव तरी आलं. सिरोंच्याकडची मंडळी इथं बसली आहेत, त्यांना हे नवीन नाही. त्यांच्या बाजूला गोदावरीच्या खोऱ्यात पोचमपल्लीजवळ याच्याहून फार जुन्या काळातल्या डायनासोरची हाडं निघाली, १९६० च्या आगेमागे. त्याचा अख्खा सांगाडा कलकत्त्याला उभा आहे, रवींद्रनाथ ठाकुरांचं नाव त्याला दिलं आहे. कलकत्त्याला जाऊन तो पाहिलेला आपल्यातला कोणी आहे का? हात वर करा. …नाही.

आता मामाजींकडं येते. हे सांगायला मला जड जातं.

नाल्याच्या गोष्टीनंतर दुसऱ्या वर्षी मामाजींच्या वावरात, त्याच झुडपी जंगलातल्या तुकड्यात, वखराला एक पाठ लागली. माझ्यापेक्षा चांगली, जवळजवळ साबूत. आत्याने मला नंतर सांगितलं. मामाजींनी बैल थांबवले, इकडं तिकडं पाहिलं, कुऱ्हाडीच्या तुंब्याने तिचे तुकडे केले आणि नाल्यात टाकले. मी भांडली त्यांच्याशी. तुम्हाला माहीत होतं ते काय आहे, मी दाखवलं होतं, तरी? मामाजी शांतपणे म्हणाले, "पोरी, तुले हाड दिसते. मले मोजणीवाला दिसते. आज हाड पाहायला येतील, उद्या खुंट्या ठोकतील, परवा म्हणतील ह्या जागेवर पाय ठेवू नका. माह्यापाशी कागद हाये का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तीन वेळा त्यांना त्या तुकड्यासाठी दंड झाला होता. दंडाच्या पावत्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या, पेटी मातीच्या भिंतीला टेकून, आणि वाळवीने सगळ्या खाल्ल्या. दंड भरलेला, पण भरल्याची खूण नाही. आपल्यापैकी किती जणांचं हेच रडगाणं आहे! दावा टाकायला गेलं की पहिला प्रश्न, पावती आहे का. जणू ज्याला सरकारने पकडलं तोच शेतकरी, ज्याला पकडलं नाही तो तिथं नव्हताच.

मी पुष्कळ दिवस यावर विचार केला. माझं कासव मुकं झालं कारण मी जागा लिहिली नाही. मामाजींचं वावर मुकं आहे कारण कोणी काही लिहिलं नाही. आणि मामाजींनी कासव फोडलं ते अडाणीपणाने फोडलं नाही, भीतीने फोडलं. ही भीती खोटी आहे असं मी त्यांना सांगू शकत नाही. आपल्या लोकांना एकदा नाही, दहादा उठवलेलं आहे, कधी धरणासाठी, कधी जनावरांसाठी, कधी कारखान्यासाठी. डायनासोरसाठी उठवणार नाहीत याची हमी कोण देईल?

पण लपवूनही वावर वाचत नाही, हे मी मामाजींना म्हटलं. लपवलेलं हाड एखादा मोटारसायकलवाला येऊन पोराच्या हातात दहा रुपये ठेवून घेऊन जातो. आत्याच्या शेजारी तसं झालेलं आहे. गावाला काय मिळालं? दहा रुपये. वावराला काय मिळालं? काही नाही. एकट्याने लपवणं आणि एकट्याने सांगणं, दोन्हीत धोका आहे. म्हणून जे करायचं ते गावाने मिळून, गावाच्या वहीत लिहून.

मग आत्याच्या गावात आम्ही एक वही केली. साधी दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तिच्यात काय लिहितो ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

पहिल्या पावसानंतर आणि नांगरणीनंतर वर आलेलं पाहत जायचं. मुद्दाम खणायचं नाही. माझी सबल आठवा. एखादा तुकडा उतारावर मिळाला तर तो तिथला नसतो, वरून घरंगळत आलेला असतो. त्याच्या रेषेत वर वर पाहत जायचं, जिथं तुकडे संपतात त्याच्या आसपास खरी जागा. तिथं दगडांचा छोटा ढीग लावायचा. मग वहीत तारीख. कोणाच्या वहितीतलं वावर. गट नंबर माहीत असेल तर तो, नसेल तर चारी बाजूंना कोण. मोहाच्या झाडापासून किंवा विहिरीपासून किती पावलं, कोणत्या दिशेला. माती लाल की हिरवट की काळी. वर पडलेलं होतं की मातीत रुतलेलं. सोबत शंख होते का. कोणाला सापडलं, कोण हजर होतं, त्यांच्या सह्या, अंगठे.

रुतलेलं असेल तर झाकून ठेवायचं, वर माती लोटून, आणि नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणून सरकारचं खातं आहे त्यांना पत्र टाकायचं. मोठी पाठ काढणं हे शिकलेल्या माणसाचंच काम. मी त्या पंधरा दिवसांत पाहिलं आहे. भोवतीची माती चारी बाजूंनी काढतात, पाठ मातीच्या ओट्यावर उभी राहते. तिच्यावर ओला कागद चिकटवतात, म्हणजे वरचा लेप हाडाला धरत नाही. मग गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून गुंडाळतात, मोडलेल्या हाताला दवाखान्यात करतात तसंच. वाळलं की खालून सोडवून उलटं करतात. दोन दिवस लागतात एका कासवाला. मी दोन मिनिटांत उपटलं होतं.

सुटे तुकडे असतील, पुढच्या पावसात वाहून जातील असं वाटत असेल, तरच उचलायचे. एका जागेचे एका पिशवीत. शेजारच्या जागेचे त्यात मिसळायचे नाहीत, कितीही सारखे दिसले तरी. धुवायचे नाहीत, कोरड्या ब्रशने झाडायचे, दात घासायचा जुना चालतो. फुटलं तर डिंक-गोंद लावून जोडायच्या भानगडीत पडू नका. कागदात गुंडाळा, आणि चिठ्ठी एक पिशवीत, तोच नंबर वहीत. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. शाई ओल लागली की पसरते.

आणि बाहेरून कोणी आलं, कितीही मोठा सर असो, तर आपण हात जोडून पण सरळ सांगायचं की न्या, अभ्यास करा, आम्हाला आनंद आहे. पण आमच्या वहीत सही करा, काय नेलं, किती नेलं, कुठं ठेवणार. तुमच्या वहीत वहितीदाराचं नाव लिहा. आणि अभ्यास झाल्यावर आमच्या गावाचं काय सापडलं ते मराठीत दोन पानं लिहून पाठवा. विकायचं मात्र कोणालाच नाही. याच्यात चर्चा नको.

आता तुम्ही म्हणाल, या वहीने दावा मंजूर होतो का? होतो असं मी म्हणणार नाही. तहसीलात ती वही कोणी हातात धरेल का, तेही मी सांगू शकत नाही. पण आपण पावती नसलेल्यांचे दावे मांडतो तेव्हा काय सांगतो? बांध पाहा, विहीर पाहा, आंब्या-मोहाची झाडं पाहा, देवाची जागा पाहा, म्हाताऱ्यांचं ऐका. जागेवर येऊन पाहा असंच तर आपण म्हणतो. त्या कासवाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे की अमुक तारखेला, अमुक माणूस ज्वारीसाठी वखरणी करत असताना, त्याच्या वहितीच्या तुकड्यात, पूर्वेच्या धुऱ्यापासून बावीस पावलांवर. खाली अकरा जणांच्या सह्या-अंगठे आहेत. मामाजी तिथं वखरत होते हे कागदावर लिहिलेलं माझ्या माहितीत हे पहिलं पान. दंडाच्या पावतीवर त्यांना अतिक्रमण करणारा म्हटलं होतं. या पानावर ते वहितीदार आहेत.

ते पान मामाजींनी स्वतः लिहायला लावलं, हेही सांगते. मागच्या वर्षी वखराला परत लागलं, तेव्हा त्यांनी कुऱ्हाड उचलली नाही. पोराला गावात पाठवलं. मी तिथं नव्हती. आत्याच्या सांगण्यावरून, सगळे येईपर्यंत ते बैल सोडून तिथंच धुऱ्यावर बसून राहिले, आणि आल्यावर पहिलं हेच म्हणाले की "आधी लिवा, मंग हात लावा." ते कासव अजून तिथंच आहे. झाकून ठेवलं आहे. नागपूरला पत्र गेलं आहे, उत्तराची वाट आहे. तेवढ्या चार हात जागेत या वर्षी पेरलं नाही.

माझे सतरा तुकडे मी आज आणले आहेत. मागच्या बाकावर चपलेच्या खोक्यात आहेत, कापसात ठेवले आहेत. जेवणानंतर या आणि हातात घेऊन पाहा, खाच कुठं, करवतीची कड कुठं, जाळी कुठं. एका वेळी दोघं-दोघंच या. लहान पोरांनी जीभ लावून पाहायची असेल तर शेवटचा, कोपरा तुटलेला तुकडा घ्या, त्याला आधीच पुष्कळ जणांनी लावली आहे. वह्या सात आणल्या आहेत. ज्या गावाला पाहिजे त्यांनी नाव सांगून न्या.